अनोळखी छापाची पेटी

लातूरच्या मार्केट यार्डातील आडत दुकान असो की नांदेडच्या नव्या मोंढ्यातील पेढी, गादीशेजारी किंवा टेबलाखाली एक लोखंडी पेटी हल्ली हमखास दिसते. दुकानात तिला सगळेच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू हा तिच्या पोटातील तळहाताहूनही लहान भाग. बाहेरची पेटी म्हणजे कॅबिनेट. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लाल कापडात बांधलेल्या वहीची जागा या पेटीने जवळजवळ पूर्ण घेतली. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना करपात्र मालाचे ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले आहे. त्यामुळे पेटी बंद पडली की केवळ जमाखर्च अडत नाही. भरलेला ट्रक दारात उभा राहतो आणि बिल निघत नाही.

अशी पेटी आठ-दहा वर्षांनी दमते. चालू करण्याचे बटण आत अडकते, पत्रा गंजतो, पंखा घरघरतो, संगणक दुपारी तापून आपोआप बंद होतो. दुरुस्तीला आलेला कारागीर कॅबिनेट बदलण्याचा सल्ला देतो आणि दुकानदार तीन नमुने समोर ठेवतो. एकावर ओळखीचे नाव असते आणि त्याची किंमत जास्त असते. उरलेल्या दोहोंवरची नावे घरात कोणी कधी ऐकलेली नसतात. मुलाला त्यांतले एक आवडते, कारण त्याला काच आहे आणि आत रंगीत दिवे लागतात. वडिलांचा प्रश्न साधा असतो: ज्या छापाचे नाव माहीत नाही, त्याच्यावर हिशेबाची सगळी पेढी कशी ठेवायची?

शंका रास्त आहे, पण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. आज ओळखीची वाटणारी नावेही एके काळी अनोळखीच होती. चेन्नईचे झेब्रॉनिक्स १९९७ चे, मुंबईचे आयबॉल २००१ चे. त्या त्या वर्षी ही नावे पहिल्यांदा ऐकणाऱ्या व्यापाऱ्याने आजच्यासारख्याच भुवया उंचावल्या असतील. शिवाय बाजारातील अनेक छापांची कॅबिनेटे चीनमधील त्याच त्या कारखान्यांत तयार होतात आणि पुढची नावाची पट्टी तेवढी बदलते. वहीच्या काळात तरी वही कोणी बांधली हे कोण विचारत होते? कागद बोटांत धरून पाहिला जाई, शिवण ओढून पाहिली जाई आणि मगच दिवाळीच्या वहीपूजनासाठी ती घरी येई.

कॅबिनेटच्या बाबतीत नावाचे महत्त्व कमी होण्याला आणखी एक भक्कम कारण आहे. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद, त्याला आधार देणारी छिद्रे अमुक जागी, मागची खाच अमुक आकाराची. पुढे २४४ मिलिमीटर चौरस मायक्रो-एटीएक्स आणि १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स ही लहान मापे आली, तीही मोठ्या पेटीतील त्याच छिद्रांवर बसतात. म्हणजे कोणत्याही कारखान्याच्या पेटीत कोणत्याही कारखान्याचा मदरबोर्ड बसावा, अशी ही व्यवस्था आहे. बाजार समितीत सर्वांचा क्विंटल एकच असतो, म्हणूनच अनोळखी शेतकऱ्याचा माल बिनधास्त घेता येतो. तसेच हे आहे. हिशेबाच्या संगणकाला मायक्रो-एटीएक्स मापाची पेटी पुरते. त्याहून मोठी पेटी घेणे म्हणजे उगाच जागा अडवणे.

यातूनच पहिली कसोटी निघते. पेटीतील कोणताही भाग बिघडला तर तो दुसऱ्या कोणत्याही दुकानातून आणून बसवता येईल काय? पंखा १२० मिलिमीटरचा, चार स्क्रूंचा आणि नेहमीच्या तीन किंवा चार पिनांच्या जोडणीचा असेल, विद्युतपुरवठ्याची पेटी सर्वसाधारण मापाची असेल, तर तो छाप उद्या बाजारातून नाहीसा झाला तरी पेढीचे काही अडत नाही. पण काही कॅबिनेटांत पंख्यांची जोडणी त्या कंपनीचीच, दिव्यांचा नियंत्रकही तिचाच असतो. तिथे मात्र अनोळखी नाव घेणे धोक्याचे, आणि ओळखीचे नाव घेणेही फारसे शहाणपणाचे नव्हे.

श्रावकाला या बाबतीत एक जुना आधारही आहे. उमास्वातींच्या, दिगंबर परंपरेत उमास्वामींच्या, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटे माप-तोल, हा त्यांतील एक. प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नकली माल देणे, हा दुसरा. राज्याचे नियम डावलून केलेला व्यापार हाही त्या पाचांत आहे. व्यापाऱ्याच्या मनात हे दोष स्वतःच्या तराजूसंदर्भात ठसलेले असतात. खरेदी करताना समोरच्याचा मालही त्याच दृष्टीने पाहता येतो. नाव अनोळखी असणे हा दोष त्या यादीत नाही. नामांकित छापाचे हुबेहूब खोके करून विकलेला नकली माल मात्र नेमका प्रतिरूपक व्यवहार आहे, आणि संगणकाच्या बाजारात तोही आढळतो. नकली मालाला उसने नाव लागते ते मोठेच. अनोळखी नावाची नक्कल करून कोणाला काय मिळणार?

आता माल पाहण्याकडे वळता येईल. तुरीचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणाऱ्याला पत्रा पारखणे अवघड नाही. बाजूचे झाकण काढून मध्यभागी अंगठ्याने दाबावे. हलक्या कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, तो लगेच दबतो आणि डब्यासारखा वाजतो. पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा जागचा हलत नाही. सारख्या आकाराच्या दोन पेट्या शेजारी ठेवून उचलून पाहिल्या तरी फरक हाताला कळतो. फक्त एकीला काच असेल तर वजनाची तुलना फसवी ठरते. पातळ पत्रा पंख्याबरोबर थरथरतो आणि दिवसभर गुणगुणतो. आतल्या कडांवरून बोट हलकेच फिरवावे. कडा दुमडलेल्या असाव्यात, करवतीसारख्या नसाव्यात. झाकण परत बसवताना ठोकावे लागत असेल तर चौकट वाकडी आहे. स्क्रू दोनदा काढून घालावा, आटे सैल होत असतील तर पेटी परत ठेवावी. आणि पुढचे बटण वीस वेळा तरी दाबून पाहावे. रोज हाताळले जाणारे आणि सर्वांत आधी बिघडणारे तेच असते, पण खरेदीच्या वेळी त्याला कोणी हात लावत नाही.

इतकी पाहणी कोणत्याही शहरात सारखीच. नांदेड-लातूरचा प्रश्न त्यापुढे सुरू होतो, तो धुळीचा. लातूरच्या डाळमिलच्या आवारात तुरीच्या टरफलाची बारीक पूड हवेतच असते. सोयाबीनच्या आवकेत चाळणीची धूळ दिवसभर उडते. नांदेडकडे जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू तरंगतात, हळदीच्या बाजारात पिवळी पूड सगळ्या वस्तूंवर बसते. संगणकाचा पंखा ही हवा आत ओढतो. पूड आत राहते, हवा बाहेर जाते. वर्षभराने प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये नमदा तयार झालेला असतो आणि उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्यात वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा कोठून आणणार? बाहेर ४२ अंश असताना आतल्या भागांना जी काही सूट मिळते, ती वाऱ्याच्या मोकळ्या वाटेमुळेच.

म्हणून या भागासाठी पेटी निवडताना हवेचा मार्ग आधी पाहावा. पुढच्या बाजूला पूर्ण जाळी असावी, जाळीमागे बारीक गाळणी असावी, आणि ती गाळणी स्क्रू न काढता बाहेर येणारी, पाण्याने धुऊन वाळवता येणारी असावी. पुढे दोन पंखे आत हवा घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, अशी रचना चांगली. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की पेटीत किंचित दाब राहतो. मग फटींतून हवा बाहेर जाते, आत शिरत नाही, आणि धूळ गाळणीवरच थांबते. उलट केले तर प्रत्येक फट धूळ ओढू लागते. पुढे काळी काच लावलेली जी चकचकीत कॅबिनेटे शोभेसाठी विकली जातात, त्यांना हवा घेण्याची जागा कडेला बोटभरच असते. वातानुकूलित खोलीत ती चालून जातील, मोंढ्यात नाही. मुलाचा हट्टच असेल तर पुढे जाळी व बाजूला काच असलेली पेटी घ्यावी. बाजूची काच हवेच्या वाटेत येत नाही.

विद्युतपुरवठ्याची पेटी हल्ली कॅबिनेटच्या तळाशी बसते आणि खालून हवा घेते. पेटी फरशीवर ठेवण्याची आपल्याकडे रीत; त्यामुळे झाडूने लोटलेली सगळी धूळ थेट तिच्या तोंडी जाते. तळालाही गाळणी हवी, पाय उंच हवेत, आणि शक्यतो पेटी वीतभर उंचीच्या लाकडी पाटावर हवी. वरच्या जाळीबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. वहीपूजनाला आता संगणकालाही कुंकू लागते, अक्षता पडतात. वरून उघडी जाळी असलेल्या पेटीत त्या अक्षता सरळ पंख्यावर जातात. वर लोहचुंबकाने बसणारी गाळणी असेल तर उत्तम. नसेल तर पूजेच्या वेळी वर स्वच्छ कापड अंथरावे.

धुळीहून नाजूक गोष्ट जिवांची. उबदार, अंधारी आणि कोणी न उघडणारी ही पेटी मुंग्या, झुरळे आणि पाली यांना आयतेच घर वाटते. धान्याच्या दुकानात उंदराची पिल्लेही वायरींच्या गुंत्यात सापडतात. सकाळी बटण दाबले की पंखा फिरतो आणि हिंसा घडते, तीही नकळत. जयणेचा विचार करणाऱ्या घराने पेटीची मागची बाजू म्हणूनच नीट पाहावी. तिथे जादा कार्डांसाठी उभ्या खाचा असतात. स्वस्त कॅबिनेटात त्या खाचांवरच्या पट्ट्या पत्र्यातच कापलेल्या असतात. एकदा तोडली की पट्टी परत बसत नाही आणि ते भोक कायमचे उघडे राहते. पाल तिथूनच आत जाते. स्क्रूने बसणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पट्ट्यांची पेटी थोडी महाग पडली तरी घ्यावी. दुकानदार ही बाब कधी दाखवत नाही, कारण कोणी विचारत नाही. रंगीत दिव्यांचाही विचार इथेच करावा. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमतात हे सांगायला नको; चातुर्मासात संध्याकाळी पेटीच्या पोटात दिवा लावून पंखा फिरवत ठेवणे, हे कोणत्याही श्रावकाच्या घरात शोभणारे नाही. दिवे बंद करण्याची सोय आहे की नाही, तेवढे खरेदीआधी विचारून घ्यावे.

सफाईची पद्धतही यातच येते. कारागीर येतो, झाकण उघडतो आणि जोराच्या हवेचा झोत मारतो. त्याऐवजी संगणक बंद करून, वायर काढून, झाकण उघडून पेटी काही वेळ उजेडात तशीच ठेवावी. जे जीव चालू शकतात ते निघून जातात. मग मऊ पुंजणीने हलक्या हाताने पुसावे आणि शेवटी झोत वापरावा. झोताच्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो उलट वेगाने फिरून खराब होतो.

आता जिथे नाव पाहायलाच हवे, ती जागा. अनोळखी छापाच्या स्वस्त कॅबिनेटबरोबर बहुधा विद्युतपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, ‘सोबत मोफत’ येते. सगळ्या खरेदीत धोका आहे तो या मोफत वस्तूत. कॅबिनेट वाईट निघाले तर आवाज करील, गंजेल. एसएमपीएस वाईट निघाला तर जाताना मदरबोर्ड आणि डिस्क घेऊन जाईल, आणि डिस्कवर पेढीचा हिशेब असतो. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. काही शे रुपये वाचवून सहा वर्षांचे दप्तर टांगणीला लावण्यात कसला व्यापार?

खोटे माप इथे उघड दिसते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते. पेटीच्या अंगावरील लहान तक्ता वाचावा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअरचा आकडा असतो. तो १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. आजच्या संगणकातले जवळजवळ सगळे काम १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे पेटीची खरी ताकद तेवढीच समजावी. हिशेबाच्या साध्या संगणकाला, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर, १५० वॅटही सहसा लागत नाहीत. अडचण वॅट कमी असण्याची नाही, खोटे सांगण्याची आहे. जो एका आकड्यात खोटे बोलतो, त्याच्या आतल्या सुरक्षेच्या भागांवर कसा विश्वास ठेवावा? म्हणून कॅबिनेट अनोळखी चालेल, पण एसएमपीएस वेगळा, परिचित नावाचा आणि काही वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा. त्यावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे; ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तो क्रमांक टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावे नोंद आहे ते कळते. कॅबिनेट एसएमपीएसशिवाय मिळत असेल तर तसेच मागावे, किंमतही उतरते.

नवी पेटी जोडल्यावर पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्यासारखे झाले, तर दोष लगेच अनोळखी छापाला दिला जातो. तो बहुधा जागेचा असतो. जुन्या वाड्यातील आणि जुन्या दुकानांतील अनेक सॉकेटांना अर्थिंगच नसते. एसएमपीएसमधील गाळणीचा अत्यल्प प्रवाह जमिनीत जायला वाट न मिळाल्याने पत्र्यावर राहतो. आधी विजेच्या कारागिराकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

खरेदी कोठून करावी, यावर घराघरांत मतभेद असतात. नांदेडहून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जाणारे आहेत, लातूरहून पुण्याला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणारे आहेत, आणि घरबसल्या मागवणारे तर वाढतच आहेत. दूरवर किंमत कमी मिळते हे खरे. परंतु कॅबिनेट ही अवजड वस्तू. बटण बिघडले म्हणून ती बसने परत नेणारा सहसा कोणी भेटत नाही. अनोळखी छाप घ्यायचा असेल तर दुकानदार तरी ओळखीचा असावा, आणि ‘वर्षभरात बटण वा पंखा गेल्यास बदलून देऊ’ हे वाक्य त्याने बिलावर स्वहस्ते लिहून द्यावे.

बिल पक्केच हवे. समजा, २५०० रुपयांची पेटी आहे. १८ टक्के कराचे ४५० मिळून २९५० होतात. दुकानदार बिलाशिवाय २७०० सांगतो. ऐकायला अडीचशे वाचले. परंतु नोंदणीकृत पेढीला ते ४५० रुपये करपरताव्यात वळते करून घेता येत असल्यास बिलासह पेटी २५०० लाच पडते, आणि बिलाशिवायची २७०० ला. व्यापाऱ्याच्या मुलाने हा हिशेब चुकवू नये. बिलाशिवाय घेतलेल्या मालाला वॉरंटी नाही ती नाहीच. घरबसल्या मागवताना पेढीचा जीएसटी क्रमांक आधी भरावा, नाहीतर बिल व्यक्तीच्या नावे येते.

खोके उघडण्यापूर्वी त्यावरील चिठ्ठी वाचावी. आवेष्टित वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैध मापनशास्त्र नियमांनुसार आयात मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. लातूरच्या डाळीच्या पुडक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता छापून देणाऱ्या मिलमालकाला हे शिकवायला नको. छाप अनोळखी असला तरी आयातदार भारतात आहे, त्याचा पूर्ण पत्ता आहे आणि दिलेला दूरध्वनी कोणी उचलते, एवढे पुरे. दुकानात उभे राहूनच तो लावून पाहावा. चिठ्ठीच नसेल, किंवा पत्त्याच्या जागी नुसते शहराचे नाव असेल, तर तो माल कितीही सुबक असला तरी पुढच्या दुकानात जावे.

या सगळ्याआधीचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे. नवी पेटी हवीच आहे का? एटीएक्सचे माप तीस वर्षे तेच असल्याने पंधरा वर्षांपूर्वीच्या पेटीतही आजचा मदरबोर्ड बहुधा बसतो. पत्रा शाबूत असेल, पुढे १२० मिलिमीटरचा पंखा लावायला जागा असेल आणि फक्त बटण अडकत असेल, तर बटण बदलणे, गाळणीची जाळी लावणे आणि नवा एसएमपीएस घालणे पुरते. परिग्रहाचे परिमाण केलेल्या घरात हा विचार आधी व्हावा. पत्रा गंजून भोके पडली असतील किंवा हवेला पुढून वाटच नसेल, तर मात्र ओढाताण करू नये. जुनी पेटी भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे जावी. तत्पूर्वी तीत जुनी डिस्क राहिली नाही ना, हे दोनदा पाहावे.

बदलाचे काम सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी, भाद्रपदातच उरकलेले बरे. दसऱ्यानंतर कारागिरालाही सवड नसते आणि पेढीलाही. जुन्या पेटीचा पहिला स्क्रू ढिला करण्यापूर्वी हिशेबाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ड्राइव्हवर घ्याव्यात, दुसऱ्या संगणकावर त्या उघडून पाहाव्यात, आणि त्यांतली एक त्या दिवशी दुकानात न ठेवता घरी पाठवावी.